गल्लीभर फिरलेली भांडी

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ५६, राहायला गंगापूर रोडला, माहेर रविवार कारंजाजवळच्या गल्लीतला जुना वाडा. वडील पूर्वीच गेले, आई गेल्या वर्षी गेल्या. वर्षश्राद्ध झालं. वाडा पुनर्विकासाला दिला आहे आणि डिसेंबरअखेर रिकामा करून द्यायचा आहे. भाऊ पुण्याला, धाकटी बहीण बंगळुरूला. वाड्यात तीन पिढ्यांचा संसार तसाच आहे: पितळी हंडे-घागरी, तांब्याचा बंब, घंगाळं, डब्यांच्या रांगा, सागवानी पलंग, गोदरेजची दोन कपाटं, पुस्तकं, गाद्या, आईंच्या साड्या. ताईंच्या मनात आहे की प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी बांधून वाड्यातच दोन दिवस विक्री ठेवावी आणि येतील ते सगळे पैसे मुलींच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या संस्थेला द्यावेत. भाऊ म्हणतो, "भंगारवाल्याला बोलाव, एका दुपारात मोकळी हो." बहीण म्हणते, "विकायचं कशाला, गरिबांना वाटून टाकू." आणि ८१ वर्षांच्या काकू म्हणतात, "गेलेल्या माणसाची भांडी दारात मांडून विकायची? आपल्याकडे असं कधी झालं नाही." ताई विचारतात: काकूंचं बरोबर आहे का? आणि करायचंच ठरलं तर कसं करू, म्हणजे आईला वाईट वाटणार नाही?

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय: "आईची मोठी भांडी गल्लीत कुणाचंही कार्य असलं की जायची, आणि परत आली की ती ओट्यावर बसून एकेका भांड्यावरचं नाव बघून मोजून घ्यायची."

भांड्यावर नाव घालायची आपली पद्धत कशासाठी होती, आठवून बघा. लग्नामुंजीत दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असायचंच, पण घरच्या भांड्यांवरही आपण नाव घालून घेत होतो. भांड्यांच्या दुकानात कुणीतरी छोटं यंत्र घेऊन बसलेला असायचा, टकटक करत काठावर बारीक टिंबांची अक्षरं उमटवायचा. पंगतीच्या गर्दीत चार घरांची पातेली एकत्र झाली तरी ज्याचं त्याच्या घरी परत जावं, म्हणून ते नाव. म्हणजे नाव घातलं तेव्हाच धरून चाललं होतं की हे भांडं घराबाहेर जाणार आहे. तुमच्या आईंची भांडी आयुष्यभर गल्लीत फिरली. आता ती जातील आणि परत येणार नाहीत, एवढाच फरक आहे. तो लहान नाही, हे मला कळतं. पण त्यात बेअदबी कुठेच नाही.

काकूंच्या म्हणण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. त्यांच्या पिढीत घरातलं भांडं विकायला निघालं म्हणजे घरावर वेळ आली, असाच अर्थ होता. मोडीत भांडं द्यायचं तेही पदराआड झाकून नेत. दारात भांडी मांडलेली बघून लोक काय समजतील, ही त्यांची भीती खोटी नाही. ती आठवणीतून आलेली आहे. त्यांना 'जमाना बदलला' असं सांगून काही होणार नाही. दारावर मोठ्या अक्षरात पाटी लावा: ही विक्री कुणाच्या स्मरणार्थ आहे, पैसे कुठल्या संस्थेला जाणार आहेत. पाटी वाचली की येणाऱ्याचा चेहरा बदलतो, हे मी पाहिलं आहे. काकूंबद्दल आणखी एक गोष्ट सुचवायची आहे, ती शेवटी सांगते.

बहिणीचं म्हणणं ऐकायला सगळ्यात चांगलं वाटतं, आणि मला सगळ्यात जास्त शंका त्याबद्दलच आहे. माझ्या मामी गेल्या तेव्हा नाशिकरोडच्या घरात आम्ही असंच केलं. अंगणात सगळं मांडलं आणि सांगितलं, ज्याला जे हवं ते न्या. तासाभरात अंगण रिकामं झालं. ज्यांच्या घरी आधीच दोन मिक्सर होते त्यांनी तिसरा नेला. मामींकडे वीस वर्षं धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई तुळशीपाशी उभ्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही पण घ्या ना." त्या म्हणाल्या, "असू दे, मला काय नको." त्यांना काय हवं होतं ते मला चार महिन्यांनी कळलं. पुरणयंत्र. त्याच यंत्रावर त्यांनी मामींच्या हाताखाली पुरण वाटलं होतं, आणि ते नेणाऱ्यांनी ते एकदाही वापरलं नव्हतं.

पुढे दुसऱ्या एका नातलगांच्या घरी आम्ही चिठ्ठ्या लावून विक्री ठेवली. तिथे शेजारच्या बंगल्यात काम करणाऱ्या एक बाई आल्या. पितळी सोऱ्या उचलला, आतल्या चकत्या काढून एकेक मोजली, शेवेची एक कमी आहे म्हणून दाखवलं आणि ऐंशीचा साठला मागितला. आम्ही दिला. कनवटीची पिशवी सोडून पैसे मोजले आणि पिशवी हवी म्हणून हक्काने मागून घेतली. फुकट मिळणाऱ्या वस्तूत असं खोट काढता येत नाही. किमतीची चिठ्ठी असली की हवं-नको ठरवायचा हक्क घेणाऱ्याकडे जातो, आणि ज्याच्यापाशी कमी आहे त्याला तो हक्क फार क्वचित मिळतो. म्हणून किंमत कमी ठेवा, अगदी दहा-वीस रुपये ठेवा, पण ठेवा. बहिणीला हे सांगून बघा.

आता तुम्हालाच एक विचारते, रागावू नका. पत्रात तुम्ही 'सगळे पैसे संस्थेला' हे तीनदा लिहिलंय. ही आईंची इच्छा होती का? की विकायचा संकोच वाटतो आणि दानाचं नाव जोडलं की तो जरा हलका होतो? दुसरं असलं तरी त्यात काही गैर नाही. पण मग दोन गोष्टी मनाशी स्पष्ट करून घ्या. पहिली म्हणजे, जास्तीत जास्त रक्कम उभी करणं हे तुमचं ध्येय नाही. वस्तू वापरणाऱ्याच्या हातात जाव्यात हे ध्येय आहे, पैसे त्याच्या मागून येतील. घरगुती जुन्या सामानाला लोकांना वाटतात तेवढे पैसे येत नाहीत. संस्थेला आधीच मोठा आकडा सांगून बसाल तर दोन दिवस काट्यावर बसल्यासारखे जातील. दुसरी गोष्ट, हमाल, टेम्पो, चहापाणी यांचा खर्च आलेल्या पैशातून वळता करायचा की तुम्ही भावंडांनी उचलायचा, ते आजच ठरवा. माझं मत, भावंडांनी उचलावा. 'सगळे पैसे' म्हटलं की सगळेच गेले पाहिजेत.

आणि हे सामान तुमच्या एकटीचं नाही. आईंनी मृत्युपत्र केलं नसेल तर तिघांचा वाटा सारखा आहे, लग्न झालेल्या मुलींचाही. भाऊ आज 'भंगारात दे' म्हणतो म्हणून उद्या तो बंब दुसऱ्याच्या बैठकीत बघून त्याला काही वाटणार नाही असं समजू नका. विक्रीच्या निदान तीन आठवडे आधी एक शनिवार-रविवार तिघांनीच वाड्यात काढा. नातवंडांना आणा, पण शेजारपाजार नको. बहिणीला यायला जमलं नाही तर व्हिडिओ कॉलवर बसवा. प्रत्येकाने हवं ते बाजूला काढायचं, एकाच वस्तूवर दोघांचा जीव असेल तर चिठ्ठ्या टाकायच्या. काढून घेतलेल्या वस्तू त्याच दिवशी वाड्याबाहेर जायला हव्यात. 'नंतर नेतो' म्हणून ठेवलेलं भांडं विक्रीच्या गडबडीत हमखास जातं आणि त्यावरून जन्माचा अबोला होतो. मग उरलेल्या सामानाची यादी भावंडांच्या ग्रुपवर टाकून दोघांकडून लेखी 'विकायला हरकत नाही' घ्या.

मला विचाराल तर निरोपाचा दिवस तो आहे. विक्रीच्या दिवशी तुम्हाला रडायला सवड मिळणार नाही, आणि मिळूही नये. परक्या माणसाने आईंच्या पोळपाटाला 'जरा डुगडुगतोय' म्हटलं तर ते ऐकण्याची ताकद आधी कमवावी लागते.

त्याच दोन दिवसांत घर पिंजून काढा. कपाटातल्या कप्प्यांवर अंथरलेल्या कागदाखाली, तांदळाच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, देवघराच्या खणात, जुन्या पर्सच्या अस्तरात. आपल्या आयांनी कुठे काय ठेवलंय ते त्यांनाच माहीत. नोटाबंदीतल्या जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा सापडल्या तर त्या आता बदलून मिळत नाहीत, आणि आठवण म्हणूनही दहापेक्षा जास्त जवळ ठेवायला कायद्याने मनाई आहे. जुनी नाणी सापडली तर सोनाराकडे वितळवायला नेऊ नका. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० पासूनची, तिथे जाणकार आहेत. देवघरातल्या मूर्ती, जुनी चित्रं यांतलं काही शंभर वर्षांच्या पुढचं असेल तर ते पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्यात येऊ शकतं. हस्तलिखित पोथ्यांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशा गोष्टी टेबलावर मांडू नका. पुरातत्त्व खात्याच्या माणसाला आधी दाखवा. पोथ्या पुण्याला भांडारकर संस्थेकडे विचारून देता येतात, तिथे त्या वाचल्या जातील. गॅसचं सिलिंडर आणि रेग्युलेटर विकायचा नसतो. तो एजन्सीला परत करून डिपॉझिट घ्यायचं किंवा जोडणी वारसाच्या नावावर करून घ्यायची.

वाड्याच्या बाबतीत आणखी एक. कोरीव तुळया, खांब, दारं, कोनाड्यांच्या चौकटी यांवर जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांचा डोळा असतो. विक्रीची बातमी लागली की ते येणारच. पण बिल्डरशी झालेल्या करारात पाडकामाचं सामान कुणाचं हे लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय कुणाला दाराची किंमत सांगू नका.

आता भांडी, कारण तुमच्या वाड्याचा जीव त्यात आहे आणि फसगतही तिथेच होते.

सगळ्यात आधी धातू वेगळे करा. पितळ पिवळं, तांबं तांबूस, हे सगळ्यांना कळतं. घोटाळा होतो तो काशाचा. कासं पितळेसारखंच दिसतं, जरा फिकट, आणि व्यापारी ते गुपचूप पितळेच्या ढिगात सरकवतो. बोटाच्या टिचकीने वाजवून बघा. पितळ 'टक्' करून थांबतं, काशाचा नाद रेंगाळतो. तळपायाला तूप लावून घासायची आईंची वाटी होती ना, तशी. कासं म्हणजे तांबं आणि कथील, म्हणून ते महाग. आणि ठिसूळही, पडलं तर तडकतं, तेव्हा ते खालच्या फळीवर मांडा.

मग भांडी बाजारात दोन-तीन दुकानांत जाऊन त्या आठवड्याचा मोडीचा भाव विचारून या. तुमच्या माहेरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. पितळेचा वेगळा, तांब्याचा वेगळा, काशाचा वेगळा. घरी साधा लटकणारा काटा आणून प्रत्येक मोठं भांडं तोला. मोडीत जे येईल ती त्या भांड्याची तळातली किंमत, त्याखाली कधीही जायचं नाही. जे भांडं आजही वापरता येईल, जाड पत्र्याचं आहे, ठोक्याचं काम आहे, त्याला मोडीच्या दीडपटीपर्यंत मागायला हरकत नाही. स्टीलला मोड जवळजवळ नाही, तिथे वजन बघत बसू नका. वाट्या-चमचे दहा रुपये, ताटं वीस-तीस, डबे पन्नास, असा सरसकट भाव ठेवा. आकडे गोल ठेवा, सुट्ट्या पैशांनी दोन दिवस डोकं उठतं.

पितळी पातेल्यांना, आतून कल्हई गेली असेल तर चिठ्ठीवर स्पष्ट लिहा: 'कल्हई करून घ्यावी.' आजकाल हौसेने पितळ घेणाऱ्या मुलींना हे ठाऊक नसतं आणि त्या पहिल्याच दिवशी त्यात चिंचेची आमटी करतात, मग ती कळकते. चिठ्ठी दोऱ्याने बांधा. गोंदाची चिकटवलीत तर पितळेवर डाग आणि सागवानावर चट्टा पडतो. आणि चिठ्ठीचे दोन भाग ठेवा, मधे फाडता येईल असे. दोन्ही भागांवर वस्तूचं नाव आणि किंमत. पैसे घेताना खालचा अर्धा तुकडा फाडून डब्यात टाकायचा. रात्री तुकडे आणि पैसे जुळवले की हिशेब चोख. घासाघीस झाली तर तुकड्यावर खोडून नवा आकडा.

भांड्यांवरची नावं पॉलिशवाल्याकडे नेऊन घासून काढू नका. तुम्ही तसं विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेल. दुसऱ्या घरांची नावं असलेली भांडी आधी वेगळी काढा. परत करायची राहिलेली एक-दोन असतीलच, आणि काही अहेराची असतील. ज्यांचा पत्ता लागतो त्यांना फोन करून सांगा, 'तुमच्या आजींचं नाव असलेला तांब्या आमच्याकडे आहे, हवा का?' बरेच जण धावत येतील. उरलेली नावासकट जाऊ द्या. काकू म्हणतील, परक्या घरी आमचं नाव कशाला. पण इतकी वर्षं ते परक्याच घरी मिरवलं ना!

विक्रीचे दिवस. पितृपक्षात अजिबात नको, कुणी जुनी वस्तू घरात नेणार नाही. दिवाळीच्या आधीही नको. तेव्हा सगळेच घर आवरून सामान बाहेर काढतात आणि धनत्रयोदशीला लोकांना नवं भांडं हवं असतं. तुळशीचं लग्न झाल्यावरचा शनिवार-रविवार घ्या. पाऊस संपलेला, हवा कोरडी, लग्नांची खरेदी सुरू झालेली, आणि तुमच्या हातात डिसेंबरअखेरपर्यंत आवराआवरीला दिवस उरतात. ज्यांचं घर सराफ बाजार किंवा गोदाकाठच्या बाजूला आहे आणि ज्यांना हे वाचून असंच काही करावंसं वाटतंय, त्यांनी तर पावसाळ्याच्या महिन्यांचा विचारही करू नये. ऑगस्ट २०१६ मध्ये गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला आणि भांडी बाजारात पाणी शिरलं, ते कुणी विसरलेलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी फक्त गल्लीतल्या लोकांसाठी दार उघडा. किमती त्याच. ज्यांच्या कार्याला ही भांडी गेली त्यांचा पहिला मान आहे, आणि शिवाय व्यापारी शनिवारी सकाळी सातलाच दारात उभे राहतात. त्यांना रविवारी दुपारी चारनंतर बोलवा आणि तसं पाटीवर लिहा. सगळ्या खोल्या उघड्या ठेवू नका. माजघर आणि ओसरी पुरे, बाकीच्यांना कुलूप. सामानाचे फोटो ग्रुपवर टाकाल ते एकेका वस्तूचे टाका. रिकाम्या होत चाललेल्या वाड्याचा फोटो आणि पत्ता एकत्र फिरायला नको. आणि आधीच लिहा की गल्लीत चारचाकी येत नाही, पलंग-कपाट नेणाऱ्याने आपला छोटा हत्ती मेन रोडला उभा करून हमाल आणावेत. पोच करून देण्याच्या भानगडीत पडू नका. आम्ही पडलो होतो, आणि एक कपाट जिन्यात अडकून अख्खा रविवार गेला.

रविवारी दुपारी दोननंतर उरलेल्या सगळ्यावर निम्मा भाव. पितळ, तांबं आणि कासं मात्र यातून वगळा.

पैशांच्या बाबतीत कडक राहा. चांगल्या कामाच्या वेळी माणसं हिशेब मागायला लाजतात आणि मग मागून कुजबुजतात. संस्था नोंदणीकृत आहे ना ते तपासा, नोंदणी क्रमांक मागून घ्या. त्यांच्या नावाने विक्री ठेवतोय याला त्यांचं लेखी पत्र घ्या. गणपतीची वर्गणी काढणाऱ्या मंडळालाही धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, कारण धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करण्यावर १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याचं लक्ष असतं. तुम्ही स्वतःचं सामान विकताय, ही गोष्ट वेगळी आहे. पण दारात 'इच्छेनुसार मदत' असा डबा ठेवलात की ती वर्गणी झाली. म्हणून तसा डबा नकोच. कुणाला वरून पैसे द्यायचे असतील तर त्याने थेट संस्थेच्या खात्यात भरावेत, आणि संस्थेचाच एखादा कार्यकर्ता दोन्ही दिवस तिथे बसला तर उत्तम. रोख पैशांच्या डब्यावर नेहमी दोन माणसं, त्यातलं एक घराबाहेरचं.

कराची पावती हा प्रश्न हमखास येतो. वस्तू विकत घेणाऱ्याने दान केलेलं नसतं, त्याला सवलतीची पावती मिळत नाही. दान तुम्ही भावंडं करता, पावती तुमच्या नावे. तीही दोन हजारांवरची रक्कम रोखीने दिली तर सवलतीला चालत नाही, म्हणून रोख आधी बँकेत भरा आणि चेकने किंवा ऑनलाइन द्या. नवी करप्रणाली घेतलेल्याला ही सवलत नाही. घरच्या वापरातली भांडी, पलंग, कपाटं विकून आलेल्या पैशांवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिने आणि चित्रं यांना मात्र ही सूट नाही, म्हणून ती या विक्रीत आणूच नका. संस्थेला पैसे दिले की एका कागदावर जमा रक्कम लिहून, पावतीची प्रत जोडून तो वाड्याच्या दारावर आठवडाभर लावून ठेवा.

पुस्तकांच्या बाबतीत घाई करू नका. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. तिथे आधी यादी दाखवा, त्यांच्याकडे नसलेलं काही तुमच्या वडिलांच्या कपाटात निघू शकतं. पोतं भरून नेऊन दारात ठेवू नका, ते त्यांना ओझं होतं. उरलेली दहा-वीस रुपयांना विका.

साड्या मात्र विकू नका, असं मी म्हणेन. याला माझ्याजवळ काही कारण नाही, मला तसं वाटतं एवढंच. चांगल्या असतील त्या लेकी-सुनांनी घ्या. विरलेल्या सुती लुगड्यांच्या गोधड्या शिवून घ्या, हे काम करणाऱ्या बायका तुमच्याही ओळखीत असतील. शिवणीचे पैसे त्यांना पुरेपूर द्या. तीन भावंडांना तीन गोधड्या, डिसेंबरच्या नाशिकच्या थंडीत लागतीलच. गाद्या पिंजून घेतल्याशिवाय कुणी घेणार नाही. पिंजाऱ्याला नुसता कापूस विकत घेतोस का विचारा.

आणि ती मोठी भांडी. पंगतीचे हंडे, मोठी पातेली, परात, ओगराळी, पत्रात तुम्ही सतरा नग लिहिले आहेत. ती विक्रीला काढू नका. वजनाला सगळ्यात जास्त पैसे त्यांचेच येतील, मला माहीत आहे, आणि संस्थेला तेवढे कमी मिळतील. तरी काढू नका. ती फुटकळ गेली की एक हंडा कुणाच्या बाल्कनीत झाडाला जाईल, परात भिंतीवर लटकेल. गल्लीतलं महिला मंडळ, एखादा बचत गट, जिथे अजून वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक होतो आणि भांडी बाहेर दिली जातात, तिथे अख्खा संच द्या. सतरा नगांची यादी करून, कल्हई करून. अट एकच घाला, गल्लीतल्या कुणी कार्याला मागितली तर नाही म्हणायचं नाही. विकायचं काय आणि द्यायचं काय, याला मी हीच कसोटी लावते: एका घरात वापरायची वस्तू असेल तर किंमत लावावी, चार घरांत फिरणारी असेल तर देऊन टाकावी. तुमच्या बहिणीचंही इथे समाधान होईल.

आता काकू. त्यांना समजावत बसू नका, कामाला लावा. चिठ्ठ्या लिहायला बसाल तेव्हा त्यांना वाड्यात आणा, ओट्याशी खुर्ची द्या आणि एकेक भांडं त्यांच्या हातात द्या. हे घंगाळ कुणाच्या लग्नातलं, हा बंब कधी घेतला, ही समई कुणी दिली, हे आता त्यांच्याखेरीज सांगणारं कुणी उरलेलं नाही. त्या सांगतील ते चिठ्ठीच्या मागे लिहून काढा, आणि तो वरचा अर्धा भाग वस्तूबरोबर जाऊ द्या. एखादं भांडं हातात घेऊन त्या 'हे नको विकू' म्हणाल्या तर वाद न घालता त्यांच्या पिशवीत टाका. शुक्रवारी संध्याकाळी गल्लीतली माणसं येतील तेव्हा काकूंना दाराजवळच बसवा. चहा मात्र तुम्ही स्वतः करा, आणि ते पातेलं कुठे ठेवलंय ते लक्षात असू द्या, नाहीतर तेही कुणीतरी चिठ्ठी शोधत घेऊन यायचं.